अमुक

परवा ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात आमच्या स्टोअर्समधली पल्लवी येऊन बसली. मुलीला पक्षी हवाय म्हणे, रोज डोकं खाते. "उमाताई, पहिल्यांदाच पाळायचा तर कुठला घ्यावा हो? तुमच्याकडे आहे ना एक." मी म्हटलं, "आत्ता नको घेऊस. पितृपक्ष आहे." ती हसली. तुम्हीसुद्धा हे सगळं मानता का, असं काहीतरी म्हणाली. दोन वर्षांपूर्वी आईनं मला हेच वाक्य ऐकवलं होतं आणि तेव्हा मी तिच्या अंगावर एवढी ओरडले होते की शेजारच्या काकू गॅलरीत येऊन बघून गेल्या होत्या.

भाद्रपदाचा हा दुसरा पंधरवडा मला नाकानं कळतो. गणपती गेलेले असतात, गोदावरीचं पाणी गढूळ पण उतरलेलं असतं, ऊन पाठ भाजून काढतं आणि आमच्या घरात ओल्या धोतरांचा, दर्भाचा, काळ्या तिळांचा वास भरून राहतो. आम्ही पंचवटीतले. माझे वडील, अण्णा, रामकुंडावर पौरोहित्य करायचे. बाकी जग या दिवसांत खरेदी थांबवतं, लग्नाचं बोलणं थांबवतं, आमच्याकडे मात्र सीझन. अण्णा स्वतःच हा शब्द वापरायचे, "सीझन आहे, जेवायला थांबू नका." पहाटे गेलेला माणूस दुपारी तीनला यायचा, पाण्यानं बोटं सुरकुतलेली, आवाज बसलेला, आणि ताटावर बसल्याबसल्या पुन्हा फोन वाजायचा.

अण्णांकडे नावं होती. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या चार पिढ्या, मनमाडच्या रेल्वेवाल्यांचे आजे-पणजे, सुरगाण्याहून जीप करून येणाऱ्या माणसांच्या आज्या. यजमान समोर बसला की त्याला स्वतःला पणजोबाचं नाव आठवायच्या आत अण्णा ते उच्चारून मोकळे व्हायचे. पोथीत नाव नसतं. पोथीत 'अमुक' असतं. अमुक गोत्राच्या, अमुक नावाच्या माणसाच्या तृप्तीसाठी, असं. अमुक आलं की तिथं खरं नाव घालायचं, एवढं भान गुरुजींना हवंच. नवशिके हमखास तिथं घसरतात. अण्णा स्वतः बारा वर्षांचे असताना घसरले होते. पहिल्यांदाच एकटे बसले आणि पोथीत होतं तसं घडाघडा अमुकच म्हणत गेले. यजमान तापट निघाला. "माझा बाप अमुक नव्हता," म्हणाला. अण्णांच्या गुरूंनी त्यांचा कान असा पिळला होता की सांगताना त्यांचा हात अजून कानाकडे जायचा. ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी आमच्याआधी ते स्वतःच हसायचे.

दोन वर्षांपूर्वी गणपती बसायला आठ दिवस होते तेव्हा अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, ओठ जुळवले, फार कष्ट घेतले आणि म्हणाले, "अमुक."

मला वाटलं गंमत करतायत. खरंच वाटलं. मी हसलेसुद्धा. मग त्यांनी आईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, अमुक. पाणी हवं होतं, अमुक. लघवीला जायचं होतं, तेही अमुक. त्यांच्या डोळ्यांत सगळं दिसत होतं, कोण आहे, काय आहे, पण तोंडातून हा एकच शब्द यायचा आणि तो आला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. चुकलंय हे त्यांना कळत होतं. सगळ्यात वाईट तेच होतं.

स्पीच थेरपीच्या मॅडम घरी येऊ लागल्या. फार चांगल्या बाई. त्यांनी आईला विचारलं, हे तुम्हाला काय हाक मारायचे? आई म्हणाली, "हाक कशाला मारतील? मी असायचेच की तिथं." मॅडमनी वहीत काहीच लिहिलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. मला ते उमा म्हणायचे. लग्न केलं नाही म्हणून कुणी काही बोललं की जरा जोरात म्हणायचे, "आमची उमा." मॅडम म्हणाल्या, मग हेच नाव धरू, सोपं आहे. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, जेवढं यायचं त्यातलं बरंचसं तेव्हाच येतं.

त्या दुपारी मी कागदावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. अमुक. उमा. अमुकमध्ये म होता, उ होता, अ होता. माझं नाव त्या शब्दातच पडलं होतं, फक्त उलटंपालटं होऊन. एक क तेवढा काढून टाकायचा होता आणि बाकीचं फिरवून घ्यायचं होतं. एवढंच तर. मला झोप येईना, जेवण जाईना. दिवसातून चाळीस वेळा मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हणायचे, "अमुक नाही, अण्णा. उमा. उ-मा." ते माझे ओठ बघत राहायचे. घामाघूम व्हायचे. मग अमुक.

पक्ष्याची कल्पना कुठून आली ते नीट आठवत नाही. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं की माणसांशी न बोलणारी माणसं पाखरांशी बोलतात. बुडत्या माणसाला काय, काहीही धरायला चालतं. माझ्या डोक्यानं त्याच्यावर पुढचा मजला चढवला. बोलणारा पक्षी आणायचा, त्याला फक्त उमा शिकवायचं, तो दिवसभर अण्णांच्या उशाशी उमा उमा करत राहील, आणि कधीतरी एका बेसावध क्षणी अण्णा त्याच्यामागून म्हणतील. माझ्यामागून म्हणताना ते घाबरत होते. पाखराला कोण घाबरतं?

मी पर्चेसमधली बाई. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा नटबोल्ट घेत नाही. मी पक्ष्यांचाही तक्ता केला. आईचा राघूसाठी हट्ट होता, पण आपला हिरवा पोपट घरात ठेवायला कायद्यानं बंदी, तो कटला. कॉकाटील शीळ छान घालतो, शब्द कमी. फिंच नुसते बघायचे, हाताळलेलं त्यांना खपत नाही. उरला बजरी, ज्याला आपल्याकडे सगळे चुकीनं लव्हबर्ड म्हणतात. नवशिक्याला सोपा, राळ्यावर जगतो, आणि नर असला, कोवळा असला, एकटा ठेवला तर बोलतो. एकटा हे महत्त्वाचं. जोडी असली की ते आपापसात त्यांचंच बोलत बसतात. एकटा असला की नाइलाजानं माणसाचं उचलतो. हे वाचलं तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. तक्त्यात 'फायदे' खाली लिहिलं मी ते.

जुन्या नाशकात भद्रकालीच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं पक्ष्यांचं दुकान आहे. मी हाफ डे टाकून गेले. पिंजऱ्यांच्या भिंती, भुशाचा वास, आणि एवढा कलकलाट की आपलं आपल्याला ऐकू येत नाही. मी चाचांना विचारलं, नर कुठला, बोलेल कुठला, खात्री किती. त्यांनी आधी मला स्टुलावर बसवलं. पहिल्यांदाच पाळताय का, घरात कोण कोण, पिंजरा खिडकीत ठेवणार की भिंतीला, असलं सगळं विचारत बसले. मला घाई होती. मी पुन्हा म्हटलं, बोलणारा हवा.

चाचा म्हणाले, "पहिलं पाखरू आहे ना ताई? मग बोलणारा मागू नका. जगणारा मागा."

मी ऐकलं नाही. चोचीच्या वर नाकपुड्यांची जी जागा असते ती निळी असली की नर, तपकिरी असली की मादी, हे मी पाठ करून गेले होते. एका कोवळ्या हिरव्या पिलाची ती जागा फिकट निळी होती. नाकपुड्यांभोवती पांढरी वर्तुळं होती, म्हणजे मादीची खूण, तीही मला दिसली होती. चाचा म्हणाले, एवढ्यात पक्कं सांगता येत नाही, महिनाभर थांबा, रंग बसू द्या. महिनाभर! माझ्याकडे महिने मोजके होते. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, हाच, उद्या न्यायला येते.

आणि घरी आईनं ते वाक्य म्हटलं. पितृपक्ष आहे, नवं काही विकत आणायचं नाही. मी ओरडले. अण्णांची जीभ सर्वपित्रीपर्यंत थांबणार आहे का, असं म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं लिहायची लाज वाटते. आई शांतपणे गवार मोडत होती. शेवटी म्हणाली, "विकत आणायचं नाही म्हटलं मी. आपण दान घेणारी माणसं. दान आलं तर कोण नाही म्हणतंय?"

दुसऱ्याच दिवशी लासलगावचे कारभारी आप्पा वडिलांचं श्राद्ध करून आमच्या घरी आले. अण्णांचे तीस वर्षांचे यजमान. अण्णांना तसं पडलेलं बघून धिप्पाड माणूस दारातच मटकन खाली बसला. आईनं त्यांना चहा दिला आणि कसं कोण जाणे, पाखराचा विषयही काढला. आप्पा म्हणाले, "मंग त्यात काय हाय वहिनी? म्या देतो गुरुजींना दान. माझ्या बापाला पण लय नाद होता पाखरांचा."

संध्याकाळी आप्पांच्या पैशानं चाचांकडचं तेच पिलू पिंजऱ्यासकट घरात आलं. माझा चुलतभाऊ मंदार, जो अण्णांच्या हाताखाली शिकला आणि तेव्हापासून त्यांची सगळी कामं बघतो, त्यानं संकल्प सांगायला घेतला. दान उजव्या हातावर घ्यायचं असतं, अण्णांचा उजवा हात तर गेलेला. आईनं तो आपल्या हातात धरून पुढे केला. मंदारनं सुरुवात केली आणि आम्ही सगळे थिजलो, कारण अण्णा त्याच्याबरोबर म्हणू लागले. स्पष्ट, सुरात, देशकालाचा सगळा उच्चार, नदी, किनारा, संवत्सर, मास, पक्ष, एक अक्षर न चुकता. पंचेचाळीस वर्षांचं पाठांतर जिभेवर तसंच बसलं होतं. आई रडत होती. मी आप्पांचा दंड घट्ट पकडला होता. मग वस्तूचं नाव घ्यायची जागा आली. मंदार थांबला. अण्णांनी पिंजऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, अमुक.

अशी ती अमुक झाली. पाखराचं दुसरं नाव कुणी ठेवलंच नाही.

मंदार त्यानंतर रोज संध्याकाळी सात वाजता येऊ लागला. अण्णांसमोर बसायचा, एखादा मंत्र सुरू करायचा आणि अण्णा त्याच्यात शिरायचे. दहा-पंधरा मिनिटं आमच्या घरात पूर्वीचे अण्णा असायचे. चेहरा मोकळा, आठी नाही. मॅडम म्हणाल्या, हे बोलणं नव्हे, ही सवय आहे, रोजचे शब्दही घेत राहा. घेत राहा, एवढंच म्हणाल्या त्या. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. मला वाटलं मंत्रांमुळेच तो अमुक घट्ट होतोय. मी मंदारला सांगितलं, काही दिवस येऊ नकोस. तो यायचा थांबला. आईला वाटलं कामं वाढलीत त्याची.

सात वाजता अण्णा दाराकडे बघायचे. चार-सहा दिवस बघितलं. मग बघायचं सोडलं.

मी पिंजरा त्यांच्या पलंगाशी आणला. सकाळी ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास आणि आल्यावर तास-दीड तास मी मधे बसायचे. एकीकडे अण्णा, एकीकडे पाखरू, आणि मी आळीपाळीनं दोघांकडे तोंड करून उमा, उमा, उमा. स्वतःचं नाव एवढ्या वेळा म्हटलं की त्याचा अर्थ निघून जातो. दिवाळीपर्यंत मला तो नुसता आवाज वाटायला लागला होता. पाखरू टकामका बघायचं, चोच घासायला लावलेला समुद्रफेस टोकरायचं, राळे सांडायचं. अण्णाही टकामका बघायचे. एकेकट्या दोन जिवांना मी समोरासमोर बसवलं होतं आणि दोघांकडून मला माझंच नाव हवं होतं. हे मी आज म्हणते. तेव्हा फक्त राग यायचा, दोघांचाही.

पौषात पाखराच्या नाकपुड्यांवरचा निळा रंग उडायला लागला. आधी पांढुरका, मग मातकट, मग चांगला तपकिरी. मादी. तक्ता, पांढरी वर्तुळं, चाचांचं थांबा म्हणणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. चाचांना फोन केला. ते बदलून द्यायला तयार होते, बिचारे वर समजूत घालत होते की मादी पण कधी कधी बोलते. मला कधी कधी नको होतं. मी पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि उचलला. आई म्हणाली, दान परत करत नाहीत, उमा. मी दाराकडे निघाले.

मागून अण्णांचा आवाज आला. वळले तर ते पलंगाच्या काठाला आले होते, डावा हात लांब केलेला, पडता पडता. "अमुक," ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, कुणाला बोलावतात तसं, "अमुक. अमुक, अमुक." त्यात आर्जव होतं, सरळ सरळ विनवणी होती. पाच महिने मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. मी पिंजरा परत ठेवला. त्यांनी फडकं स्वतः ओढून काढलं आणि आत बोट घातलं. ती येऊन बोटावर बसली. म्हणजे हे आधीपासून चालू असणार, मी ऑफिसात असताना. आई म्हणाली, रोजच बसते की.

दुसऱ्या दिवशी मी मंदारला बोलवलं. तो आला, मंत्र सुरू केला. अण्णा ऐकत राहिले. ओठ हलले, पण आवाज मागे पडत होता, मधेच तुटत होता. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, आजार पुढे सरकतो, तुमच्यामुळे नाही. असेल. मला ते आजपर्यंत पटलेलं नाही आणि पुढेही पटेल असं वाटत नाही.

एवढं होऊनही मी सुधारले असते तर बरं. माघ-फाल्गुनात पाखराचा नाद सोडला, पण माझं चालूच होतं, चाळीसाचं वीसवर आलं एवढंच. चैत्रात एका रविवारी दुपारी मी त्यांना मऊ भात भरवत होते. त्यांनी अचानक डावा हात उचलून माझ्या गालावर ठेवला. नीट माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अमुक."

आणि मी म्हटलं, "अमुक नाही, अण्णा. उमा."

हात खाली गेला. चार वाजता दुसरा झटका आला, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. त्यांची चूक काढणारं. दीड वर्ष झालं, मी ते रोज ऐकते. ते काय म्हणत होते ते एखाद्या लहान पोराला कळलं असतं. माझ्या गालावर हात ठेवून ते दुसऱ्या कुणाचं नाव घेणार होते? पण मला बरोबर अक्षरं हवी होती, बरोबर क्रमानं.

अमुक अजून आहे. एक शब्द बोललेली नाही. सकाळी खिडकीत ऊन आलं की तिचं तिचं काहीतरी चाललेलं असतं, ते ऐकायला तिच्या भाषेतलं कुणी नाही. आई मला सांगते, अमुकला कोथिंबीर घाल, अमुकचं पाणी बदल. आईच्या तोंडी तो शब्द कसा सहज येतो, मला जमत नाही. तिला जोडीदार आणावा असं मी वर्षभर म्हणतेय. चाचांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा गेले आणि रिक्षा परत फिरवली.

वर्षश्राद्धापर्यंतचं सगळं मंदारनंच केलं. यंदाचा हा अण्णांचा पहिला महालय, तिथी दशमी. मंदारनं फोन करून सांगितलं, ताई, या वेळी तू बस. आईच्या बहिणीनं नाक मुरडलं, मुलींनी कशाला म्हणून. मंदार म्हणाला, मी सांगणार, ती करणार, झालं.

काल गेलो. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी सुरगाण्याकडचं एक कुटुंब बसलं होतं, पलीकडे कुणी दोघे भाऊ. ऊन तेच, वास तेच. अण्णा बसायचे त्याच पायरीवर मंदारनं आसन घातलं होतं. त्यानं माझ्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, हातावर पाणी सोडलं आणि संकल्प सुरू केला. नदी, किनारा, संवत्सर, मास. मी मागून म्हणत होते. मला वाटलं होतं रडू येईल. तसं काही झालं नाही. मग तो थांबला. हे नाव करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं घ्यायचं असतं.

"पित्याचं नाव," मंदार म्हणाला.

बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या दाखल्यापासून हजार वेळा सांगितलेलं नाव. वामन. तीन अक्षरं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अमुक."

शेजारचे दोघे भाऊ वळून बघायला लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारा वर्षांच्या पोराची चूक, आमच्याच घरातली, ज्यावर आम्ही पोट धरधरून हसत आलो ती. मंदारला पुढचं नाव माहीत होतं, त्याच्या सख्ख्या काकाचं. त्यानं नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मागे रांग होती, सीझन होता.

त्यानं मला दुरुस्त केलं नाही. पळी हातात धरून माझ्याकडे बघत तो थांबून राहिला. नाव यायला बराच वेळ लागला.